पहिल्या बाटलीचं टोपण

चहा घ्या तुम्ही, निवेल. मी सांगतो. पण एक आधीच कबूल करून टाकतो, या सगळ्या प्रकारात मूर्ख एकच आहे आणि तो मी आहे. मधेच कुणी "अहो कुलकर्णी, तुम्हीसुद्धा?" असं म्हणायचं नाही. हो, मीसुद्धा! बीएस्सी, केमिस्ट्री, फर्स्ट क्लास. आणि तरीसुद्धा!

आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली असतील. अक्कलकोट रोडला आमचा औषधाची पावडर बनवायचा लहानसा कारखाना होता. गोळ्या मुंबईवाले पाडायचे, पावडर आमची. तीन मोठ्या टाक्यांत माल तयार व्हायचा आणि तो शुद्ध आहे की नाही हे मी प्रयोगशाळेत बसून सांगायचो. माझी सही झाली की माल गाडीत, नाही झाली की माल तिथंच. केवढा माणूस होतो मी, बघा!

तपासायची रीत सांगतो, घाबरू नका. एक पोलादी नळी असते, बोरूएवढी बारीक. तिच्यात पावडर ठासून भरलेली. पंपानं तिच्यातून सारखा एक द्रव ढकलत राहायचा. सुरुवातीला मालाचा एक थेंब सुईनं आत टोचायचा. त्या थेंबात जे जे काही असेल ते नळीतून आपापल्या ठरल्या मिनिटाला बाहेर पडतं, आणि शेजारी एक पेन सरकत्या कागदावर त्याची टेकडी काढतं. एक टेकडी म्हणजे माल शुद्ध. दुसरी टेकडी दिसली की समजायचं, कुणीतरी आगंतुक घुसलाय.

आता यात सगळं कसब कशाचं? टोचण्याचं! थेंब प्रत्येक वेळी तेवढाच पडला पाहिजे, डोळ्याला दिसणार नाही इतका लहान. आठ वर्षं मी या उजव्या अंगठ्यानं ते टोचत होतो. माझ्या अंगठ्याची कारखान्यात ख्याती होती. मीही तो जरा जपून वापरायचो, घरी नारळ सोलायला नकार द्यायचो.

आणि एक दिवस आमचे मॅनेजर आगाशे साहेब परदेशी खोकं घेऊन आले. आपोआप टोचणारं यंत्र! एक गोल थाळी, तिच्यात चाळीस लहान बाटल्या बसायच्या, प्रत्येकीला रबराचं टोपण. थाळी फिरायची, सुई वरून खाली यायची, टोपणाच्या मधोमध घुसायची, थेंब उचलायची आणि नळीत सोडायची. मग पुढची बाटली. माणूस नको, अंगठा नको.

"कुलकर्णी, आता तुम्ही मोकळे," साहेब म्हणाले.

मोकळे! आठ वर्षं संसार केलेल्या बाईला कुणी "आता तुम्ही मोकळ्या" म्हटलं तर कसं वाटेल? मी तोंड पाडून बसलो. त्यात ते यंत्र पहिले आठ दिवस चाललंच नाही. थाळी अडकायची, सुई अर्ध्यात थांबायची. मला मनातून इतका आनंद व्हायचा की काय सांगू.

माझ्या हाताखाली विजया नावाची मुलगी होती, नुकतीच एमएस्सी झालेली. वडील शहराच्या पूर्व भागात मागावर चादरी विणायचे. हुशार, आणि बोलायला अगदी मोजकी. ती म्हणायची, "सर, धूळ बसलीय हो थाळीखाली. साफ करू या का?"

"राहू दे. इम्पोर्टेड आहे, हात लावू नकोस," मी म्हणायचो.

मग आली खंडेनवमी. तुम्हाला माहीत आहे, त्या दिवशी आपल्याकडं कुठलं हत्यार, कुठलं यंत्र पूजेवाचून राहत नाही. मागवाला माग पुजतो, शिंपी मशीन पुजतो, रिक्षावाला रिक्षा. आमच्याकडं तिन्ही टाक्या, बॉयलर, वजनकाटा, सगळं धुऊनपुसून झेंडूच्या माळा घातल्या. मग या पाहुण्याला कसं वगळणार? मीच थाळी काढली, कोपरान् कोपरा पुसला, हळदीकुंकू लावलं, हात जोडले.

दसऱ्याची सुट्टी संपली, बटण दाबलं आणि काय सांगू! थाळी अशी फिरली, सुई अशी उतरली! चाळीस बाटल्या, एकदाही न अडकता. आणि थेंब? माझ्या अंगठ्यापेक्षा नेमका. मी कागद बघतच राहिलो.

"पुसल्यामुळं चाललं, सर," विजया हळूच म्हणाली.

"अगं, भाव लागतो," मी म्हणालो.

झालं! जो माणूस काल त्या यंत्राच्या मरणावर टपला होता तो आज त्याचा भक्त झाला. आणि नव्या भक्ताचं तुम्हाला ठाऊकच आहे, त्याला एकदा पूजा करून समाधान होत नाही. मी ठरवलं, रोज सकाळी यंत्राला हळदीकुंकू. पण मी शास्त्राचा माणूस, विचार केल्याशिवाय काही करत नाही. परदेशी यंत्राच्या रंगावर रोज हळद चोळली तर डाग पडणार. मग लावायची कुठं? तर पहिल्या बाटलीच्या टोपणावर! टोपण रोज फेकूनच द्यायचं असतं. डाग नाही, नुकसान नाही. मी माझ्याच हुशारीवर खूश झालो. ड्रॉवरमध्ये हळदीची पुडी ठेवली आणि रोज ओलं बोट बुडवून टोपणाच्या बरोबर मधोमध एक ठसठशीत टिळा.

हसू नका. तुमच्या लक्षात आलंय, मला दिसतंय. माझ्या नाही आलं ना! तेच तर सांगतोय.

पहिल्या बाटलीत असायचा एक नंबरच्या टाकीचा माल. त्या टाकीवर शिवलिंगप्पा होता. वळसंगचा, रोज सायकलवर यायचा, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, अर्धं बोलणं मराठीत, अर्धं कानडीत. सहा वर्षं तात्पुरता. त्याला कायम करायचा कागद दिवाळीच्या आत निघणार होता आणि त्याच्यावर प्रयोगशाळेची, म्हणजे माझी, सही लागणार होती. त्याच्या थोरल्या पोरीची सोयरीक अक्कलकोटकडं ठरत आली होती. पाहुण्यांनी हुंडाबिंडा काही विचारला नव्हता, एवढंच विचारलं होतं की वडील कायम आहेत का.

आणि नेमकी त्याच्या मालात दुसरी टेकडी आली.

पहिल्या दिवशी लहान. मी म्हटलं, असेल काहीतरी. दुसऱ्या दिवशी पुन्हा. त्याच मिनिटाला, तिथंच! दोन आणि तीन नंबरच्या टाक्या स्वच्छ, एक नंबरमध्येच घाण. मी टाकीजवळ गेलो.

"शिवलिंगप्पा, मालात काय पडलं?"

"काय न्हाय की सायेब. झाकन बी मीच लावतो, काडतो बी मीच."

"मग ही टेकडी कसली?"

"आता मला काय कळतंय सायेब टेकडीचं? आमच्या वळसंगात टेकडीच न्हाय."

मी त्याच्याकडं निरखून पाहिलं. टाकीवर वाकलेला माणूस, घामानं डबडबलेलं कपाळ, आणि त्या कपाळावर भस्म! माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. घामाबरोबर भस्म ओघळतं आणि टपकन् मालात पडतं. दुसरं काय असणार?

तुम्ही म्हणाल, भस्म म्हणजे राख, ती कशाला टेकडी दाखवेल? अहो, हाच प्रश्न विजयानंही विचारला. मी म्हटलं, "त्यात काहीबाही मिसळत असतील." तिनं आणखी एक सुचवलं. "सर, हाच माल हातानं टोचून बघू या का एकदा?" आणि मी, ज्याचा अंगठा आठ वर्षं नांदला तो मी, काय म्हणालो? "हात चुकतो विजया. यंत्र खोटं बोलत नाही!"

मग मी मेमो लिहिला. टाइप करून, तीन प्रतींत. संशयित कारण, एक नंबरच्या टाकीवरील ऑपरेटरच्या कपाळावरील भस्म. तो कागद आठवला की आजही कानशिलं तापतात.

शिवलिंगप्पाला बोलावून सांगितलं, कामावर येताना भस्म लावायचं नाही. त्याचा हात कपाळाकडं गेला.

"शिवा शिवा," एवढंच म्हणाला. मग म्हणाला, "सायेब, कळतंय तवापास्नं कपाळ कवा मोकळं ठिवलं न्हाय. पर पोरीचं हाय. पुसतो."

दुसऱ्या दिवशी तो मोकळ्या कपाळानं आला. ओळखू येईना. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण शास्त्र म्हणजे शास्त्र. आणि संकट आलं म्हणून त्या दिवशी मी टोपणावर हळद जरा जास्तच लावली.

टेकडी मोठी झाली!

आता आली का पंचाईत? भस्म बंद आणि टेकडी मोठी. मी म्हटलं, याच्या अंगालाच काहीतरी असणार. साहेबांना सांगून त्याला टाकीवरून काढलं आणि मागं बॉयलरकडं लावलं. हळद आणखी वाढवली. शिवाय आता नुसता टिळा नाही, बोट टेकवून जरा दाबायचं, म्हणजे प्रार्थना मनापासून होते. टेकडी आणखी वाढली! मुख्य टेकडीच्या शेजारी धाकट्या भावासारखी उभी.

विजयानं मग मला न विचारता एक केलं. एके सकाळी तिनं थाळीत बाटल्यांची अदलाबदल केली. पहिल्या जागी तीन नंबरच्या टाकीचा माल, आणि एक नंबरचा पाचव्या जागी. मी येऊन नेहमीप्रमाणं पहिल्या टोपणाला टिळा लावला. कागद बाहेर आला. तीन नंबरमध्ये टेकडी, एक नंबर धुतल्या तांदळासारखा!

"बघा सर," विजया म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर असं होतं की आता हा माणूस समजेल.

मी टाळी वाजवली. "बघितलंस? शिवलिंगप्पाला हलवलं आणि एक नंबर साफ झाला!"

"पण सर, तीन नंबर..."

"अगं, बॉयलरकडं जायची वाट कुठून आहे? तीन नंबरच्या शेजारून! तो तिथून जातोय रोज!"

ती मटकन् स्टुलावर बसली.

मी दुसरा मेमो लिहिला. या माणसाला कारखान्याच्या आतच ठेवू नये. साहेबांनी त्याला घरी बसायला सांगितलं, चौकशी होईपर्यंत. कायम करायचा कागद अर्थातच साहेबांच्या ड्रॉवरमध्ये गेला. शिवलिंगप्पा सायकल घेऊन फाटकातून बाहेर पडला ते मी खिडकीतून पाहिलं. त्यानं मागं वळून बघितलं नाही. त्या दिवशी माझा डबा तसाच परत गेला.

माल अडकून पडला तशी मुंबईहून विचारणा सुरू झाली. साहेबांनी यंत्राच्या कंपनीचा इंजिनिअर बोलावला. सामंत त्यांचं नाव. शांत माणूस, खिशात एक लहान पेचकस. त्यांनी यंत्र उघडलं, बंद केलं आणि म्हणाले, "यंत्र ठीक आहे. आता तुम्ही रोज जसं करता तसंच सगळं करा. मी नुसता बघतो."

मला स्फुरण चढलं. साहेब उभे, विजया उभी. मी पांढरा कोट घातला, पंप चालू केला, बाटल्या भरल्या, टोपणं लावली, थाळीत मांडल्या. सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं. मग ड्रॉवर उघडला, पुडी काढली, बोट ओलं केलं आणि पहिल्या टोपणावर हळदीचा टिळा दाबला. त्या दिवशी तर चांगला जाड.

"हे काय?" सामंत.

"हळद."

"कुठं लावलीत?"

"टोपणाला."

"सुई कुठून जाते?"

"टोपणातून," मी म्हणालो. असल्या साध्या गोष्टी इंजिनिअरला माहीत नसाव्यात याचं मला नवल वाटलं.

"हे रोज करता?"

"रोज! दसऱ्यापासून एक दिवस खाडा नाही."

साहेबांनी चष्मा काढला. विजया जमिनीकडं बघत होती. आणि मी? मी काय म्हणालो माहीत आहे? मी म्हणालो, "हल्ली जरा जास्त लावतो, म्हणून तर बाकीच्या बाटल्या चांगल्या येतात!"

सामंतांनी ते टोपण बदललं, कोरं लावलं. यंत्र चालवलं. एक टेकडी. स्वच्छ. मग त्यांनी माझ्या पुडीतली चिमूटभर हळद एका बाटलीत स्पिरिटसारख्या द्रवात विरघळवली, गाळली, थाळीत ठेवली. पेन सरकत गेलं, सरकत गेलं, आणि त्याच मिनिटाला, अगदी त्याच जागी, आमची ती ओळखीची टेकडी उभी राहिली.

पायाखालची जमीन सरकते म्हणतात ना, तिथं फरशी होती, तीही सरकली.

"विजया, तुला कळलं होतं?" मी विचारलं.

"संशय होता, सर. पण तुमच्या देवाधर्माचं मी कसं बोलणार? म्हणून बाटल्या बदलल्या. म्हटलं, सर हुशार आहेत, ओळखतील."



साहेब पुण्याचे, आवाज न चढवता बोलायचे. ते म्हणाले, "कुलकर्णी, दुसऱ्याच्या कपाळावर तीन प्रतींत मेमो लिहिलात. आता आपल्या बोटावर लिहा." मी लिहिला. मग ड्रॉवरमधला तो कायम करायचा कागद त्यांनी माझ्यापुढं ठेवला. म्हणाले, "यावर सही इथं बसून करू नका. त्याच्यासमोर करा."

दुपारची एसटी पकडून वळसंगला गेलो. रस्ताभर मनात वाक्यं जुळवत होतो. शिवलिंगप्पा घरापुढच्या कट्ट्यावर कडब्याच्या पेंढ्या बांधत बसला होता. कपाळ मोकळंच. मला बघून उठला, बायकोला पाणी आणायला सांगितलं.

मी जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. म्हटलं, "शिवलिंगप्पा, घरी तरी भस्म लावायचं की."

"न्हाय सायेब," तो म्हणाला. "तुमी शिकलेली मानसं, तुमी म्हनला पडतंय. हितं लावलं आन वाऱ्यानं उडून तितवर गेलं तर? पावने उद्या येनार हाईत. म्हटलं, नगं इषाची परीक्षा."

तो थट्टा करत नव्हता हो. माझ्यावर त्याचा विश्वास होता! मला त्या कट्ट्यावर बसवेना. मी सरळ सगळं सांगून टाकलं. खंडेनवमी, पुडी, टोपण, बोट, सगळं. शेवटी म्हणालो, "चूक तुमची नव्हती. तुमच्या भस्माची, इभूतीची नव्हती. माझ्या हळदीची होती. मला माफ करा."



"हळद?"

"हळद."

"रोज?"

"रोज."

"आन इभूत माजी पुसली?"

मी मान खाली घातली. त्यानं आत बघून हाक मारली, "अगं ये, भायेर ये की! ऐक, सायेब काय सांगतेत!" बायको आली, मागं ती लग्नाची पोरगी आली. त्यानं कानडीत सगळं सांगितलं. मला कानडी जेमतेम येतं, पण "अरिशिना" म्हणजे हळद एवढं येतं, आणि तो शब्द चारदा आला. माउली आधी रागानं माझ्याकडं बघत होती. मग पदर तोंडाला लावला. पोरगी आत पळाली आणि आतून हसण्याचा आवाज आला. शेवटी शिवलिंगप्पाही हसला, चांगला गदगदून, आणि माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. म्हटलं, सुटलो!

तो घरात गेला, भस्माचे तीन पट्टे ओढून बाहेर आला. आता तो शिवलिंगप्पा दिसला. मी खिशातून कागद काढला, गुडघ्यावर पसरला, पेनाचं टोपण काढलं. "ही घ्या तुमच्या कागदावर सही. उद्या पाहुण्यांना दाखवा."

"थांबा, थांबा सायेब!" त्यानं कागद पटकन् ओढून घेतला.

"काय झालं?"

त्यानं माझ्या उजव्या हाताच्या बोटांकडं पाहिलं, मग कागदाकडं, आणि अदबीनं पाण्याची घागर माझ्याकडं सरकवली.

"आदी हात धुवून घ्या की. ह्यो कागद मला जल्मभर ठिवायचा हाय."